संगणक-खेळाची उघडी चोपडी

संगणकावरील खेळ म्हटले की आपल्याकडे पालकांच्या आणि शिक्षकांच्या कपाळाला आठी पडते. ती सर्वस्वी अकारण असते असे म्हणता येणार नाही. परंतु खेळ खेळणे आणि खेळ रचणे या दोन गोष्टींत जेवणे आणि रांधणे यांच्याइतके अंतर आहे, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या टप्प्यापासून विद्यार्थ्यांना संगणकाची आज्ञावली लिहिण्याची, म्हणजे ज्याला आता सर्रास कोडिंग म्हणतात त्याची, ओळख करून द्यावी असे सुचविले. शिकवावयाचे ठरले, पण मुलांच्या हाती वाचावयास काय द्यावयाचे?

भाषेच्या शिक्षकास हा प्रश्न पडत नाही. निबंध लिहावयास शिकविण्यापूर्वी तो मुलांकडून दहा चांगले उतारे वाचून घेतो. आज्ञावलीच्या बाबतीत मात्र आपण मुलाला एकदम लिहावयास बसवितो. दोन संख्यांची बेरीज करणारी चार ओळींची आज्ञावली पुस्तकात असते. प्रत्यक्ष बाजारात विकल्या गेलेल्या, लोकांनी पैसे देऊन घेतलेल्या एखाद्या खेळाची आज्ञावली आतून कशी दिसते हे त्याला कधीच पाहावयास मिळत नाही. कारण उघड आहे. ती धंद्याची गुरुकिल्ली असते आणि कुलपात ठेवली जाते. म्हणूनच एखाद्या रचनाकाराने ते कुलूप आपणहून काढले, तर त्या घटनेकडे शिक्षकांनी आणि अधिकाऱ्यांनी थोडे थांबून पाहावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

पेढा आणि त्याची कृती

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करून घेणे अगत्याचे आहे. सातारचा कंदी पेढा कोणासही विकत घेता येतो. परंतु दूध किती आटविले, साखर केव्हा पडली, हे पेढ्याकडे पाहून कळत नाही. संगणकाच्या आज्ञावलीचेही असेच आहे. माणूस ती इंग्रजी शब्द आणि गणिताची चिन्हे यांच्या मिश्रणातून लिहितो. तिला मूळ आज्ञावली किंवा सोर्स कोड म्हणतात. मग एका विशेष साधनाच्या साह्याने तिचे यंत्राला समजणाऱ्या आकड्यांत रूपांतर केले जाते आणि ग्राहकाच्या हाती पडतात ते हे आकडे. त्यांवरून खेळ चालतो, पण त्यांतून मूळ लिखाण परत वाचणे अतिशय जिकिरीचे असते. सोर्स कोड खुला करणे म्हणजे हलवायाने आपली कृतीची वही दुकानाच्या फळीवर उघडून ठेवणे होय. पेढा फुकट वाटणे ही गोष्ट वेगळी. या दोहोंतील फरक पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

१० जानेवारी २०२० रोजी आयर्लंडमध्ये जन्मलेले संगणक-खेळांचे रचनाकार टेरी कॅव्हाना यांनी आपली वही अशी उघडून ठेवली. कॅव्हाना यांनी डब्लिनच्या ट्रिनिटी महाविद्यालयात गणिताचा अभ्यास केला, काही काळ एका बँकेत जोखमीचे हिशेब मांडण्याची नोकरी केली आणि नंतर पूर्णवेळ खेळ रचण्यास वाहून घेतले. अशा रचनाकारांना इंग्रजीत ‘इंडी’, म्हणजे स्वतंत्र, असे म्हणतात. त्यांच्या पाठीशी मोठी कंपनी नसते, शेकडो कर्मचारी नसतात. एक माणूस किंवा दोन-चार माणसे मिळून कल्पना, चित्रे, आज्ञावली आणि विक्री असे सर्व पाहतात. आपल्या परिचयाच्या शब्दांत सांगावयाचे तर हा गृहउद्योग आहे. पुण्यातील एका छोट्या चमूने २०२० मध्ये ‘राजी’ हा भारतीय पुराणकथांवर आधारलेला खेळ जगाच्या बाजारात आणला, तोही याच जातीचा.

कॅव्हाना यांचा जो खेळ आपल्या विचाराचा विषय आहे तो जानेवारी २०१० मध्ये विक्रीस आला. त्याचे नाव मोठे विलक्षण आहे : इंग्रजी ‘व्ही’ हे अक्षर ओळीने सहा वेळा. उच्चारावे कसे असा प्रश्न इंग्रजी भाषकांनाही पडतो. आपण सोयीसाठी त्यास ‘सहा व्ही’ म्हणू. या खेळात एका अवकाशयानाचा कप्तान आपल्या हरवलेल्या पाच सहकाऱ्यांना शोधतो. या सहाही जणांची नावे ‘व्ही’ या अक्षराने सुरू होतात. वाटेत जागोजागी टोकदार खिळे पसरलेले आहेत, आणि त्यांची रांग पडद्यावर त्या अक्षरासारखीच दिसते. चित्रे मुद्दाम १९८० च्या दशकातील कमोडोर ६४ या घरगुती संगणकाच्या धाटणीची, ठोकळ्यांची ठेवली आहेत. संगीत मॅग्नस पोल्सन या स्वीडिश संगीतकाराचे आहे आणि खेळातील निरनिराळ्या दालनांना नावे देण्याचे काम बेनेट फॉडी यांनी केले.

सातवीच्या गणितात बसणारे गुरुत्वाकर्षण

बहुतेक खेळांतील पात्र उडी मारते. ‘सहा व्ही’ मधील कप्तानाला उडी मारताच येत नाही. कळ दाबली की त्याच्यापुरते गुरुत्वाकर्षण उलटे होते. तो जमिनीवरून छताकडे ‘पडतो’ आणि तेथे उलटा चालू लागतो. हवेत असताना मात्र पुन्हा दिशा पालटता येत नाही. पायाखाली काहीतरी असावे लागते. एवढ्या एका नियमावर संपूर्ण खेळ उभा आहे.

हा नियम आज्ञावलीत कसा उतरतो ते पाहण्यासारखे आहे. मूळ खेळात पडद्यावरील चित्र सेकंदाला सुमारे तीस वेळा बदलते. प्रत्येक वेळी संगणक दोन बेरजा करतो. वेगात गुरुत्वाकर्षणाचा आकडा मिळवायचा आणि आलेला वेग स्थानात मिळवायचा. केवळ उदाहरणादाखल असे समजू की कप्तान वरून १०० व्या ओळीवर आहे, त्याचा वेग ० आहे आणि गुरुत्वाकर्षण ३ आहे. पहिल्या क्षणी वेग ३ होतो आणि स्थान १०३. दुसऱ्या क्षणी वेग ६, स्थान १०९. तिसऱ्या क्षणी वेग ९, स्थान ११८. आता गुरुत्वाकर्षणाच्या आकड्यामागे उणे चिन्ह लावा. वेग ६ होतो, स्थान १२४. मग वेग ३, स्थान १२७. मग वेग ०, स्थान तेच. आणि पुढच्या क्षणी वेग उणे ३ होऊन कप्तान १२४ व्या ओळीवर, म्हणजे वर सरकू लागतो. प्रत्यक्ष खेळात वेगाला मर्यादा घातलेली आहे आणि इतरही बारकावे आहेत, तथापि गाभा हाच. धन आणि ऋण पूर्णांकांची बेरीज आपण शाळेत शिकवितो आणि ‘गुरुजी, याचा उपयोग काय?’ या प्रश्नाला बहुधा कर्ज आणि तापमान ही दोन उत्तरे देतो. तिसरे उत्तर येथे आहे, आणि ते मुलांना अधिक रुचेल यात शंका नाही. फळ्यावर हे कोष्टक मांडण्यास संगणकाचीही गरज नाही.

रचनाकाराची अव्यवस्थित कचेरी

कॅव्हाना यांनी सोर्स कोड खुला केला तेव्हा एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगून टाकली. हा खेळ तांत्रिकदृष्ट्या फारसा प्रगल्भ नाही आणि स्वयंशिक्षित रचनाकारांच्या मापानेदेखील त्याची आज्ञावली गोंधळाचीच आहे, असा त्यांच्या निवेदनाचा आशय होता. ज्यांनी ती उघडून पाहिली त्यांना याची प्रचीती आली.

खेळात कोणता प्रसंग केव्हा घडावा हे ठरविण्यासाठी त्यांनी प्रत्येक प्रसंगाला एक क्रमांक दिला आणि ‘क्रमांक अमुक असेल तर हे करा, तमुक असेल तर ते करा’ अशी एकाखाली एक शेकडो कलमे एकाच ठिकाणी लिहिली. कचेरीत नोकरी केलेल्या वाचकांस हे चित्र अनोळखी वाटू नये. एक जुना कारकून, त्याच्या टेबलावर एकच जाडजूड रजिस्टर, आणि कोणत्या पानावर काय आहे हे फक्त त्यालाच ठाऊक. तो रजेवर गेला की कचेरी अडली. दुसरी सवय त्यांनी स्वतःच आपली सर्वांत वाईट म्हणून सांगितली. तात्पुरत्या मोजणीसाठी लागणारी चलपदे दर वेळी नव्याने न घेता त्यांनी एकदाच, सर्वांच्या सामायिक वापरासाठी ठेवून दिली. वर्गात चाळीस मुलांना मिळून एकच पाटी द्यावी तसे हे झाले. एकाचे गणित अर्ध्यावर असताना दुसऱ्याने पाटी पुसली तर काय होईल हे सांगावयास नको. या सवयीचे मूळ असे की खेळ प्रथम फ्लॅश या प्रणालीत लिहिला गेला होता. २०११ मध्ये सायमन रॉथ यांनी तो सी-प्लस-प्लस या भाषेत नेला, तेव्हा जुन्या घराचे वाकडे वासेही नव्या घरात तसेच गेले.

काही जाणकारांनी या आज्ञावलीची थट्टा केली. परंतु अनेकांना तिने दिलासा दिला, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते या घटनेचे खरे शैक्षणिक मोल तेथेच आहे. आपल्या तालुक्याच्या गावी एखादी मुलगी जुन्या संगणकावर काहीतरी खटपट करीत असते. तिचे लिखाण वेडेवाकडे असते, ते तिला ठाऊक असते आणि त्यामुळेच ती ते कोणाला दाखवीत नाही. पुस्तकातील आज्ञावली नेहमी निर्दोष असते. ती वाचून तिचा संकोच अधिकच वाढतो. दहा वर्षे जगभर विकल्या गेलेल्या खेळाच्या आतही अशीच ओढाताण, अशीच ठिगळे आहेत, हे तिने एकदा पाहिले तर पुढचे पाऊल टाकण्यास तिला धीर येईल. याचा अर्थ अव्यवस्था चांगली असा नव्हे. अव्यवस्थेची किंमत काय पडते हेही त्याच आज्ञावलीत शिकावयास मिळते, कारण पुढे जे लोक तिची दुरुस्ती करावयास बसले त्यांना ती किंमत मोजावी लागली.

ही वहिवाट जुनीच

कॅव्हाना यांनी काही अपूर्व केले असे मानण्याचे कारण नाही. संगणक-खेळांचा जन्मच मुळी देवाणघेवाणीतून झाला. १९६२ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत स्टीव्ह रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘स्पेसवॉर’ हा दोन यानांच्या लढाईचा खेळ तयार केला. त्यात खरोखरीच्या ताऱ्यांचे आकाश पीटर सॅमसन यांनी घातले आणि मध्यभागी असलेल्या ताऱ्याचे गुरुत्वाकर्षण डॅन एडवर्ड्स यांनी जोडले. ज्याला जे सुचले ते त्याने भर घातले, आणि खेळ तेथून इतर विद्यापीठांत गेला. १९७३ मध्ये डेव्हिड आल यांनी बेसिक या सोप्या भाषेतील १०१ खेळांच्या आज्ञावल्या एका पुस्तकात छापल्या. वाचकांनी त्या ओळीमागून ओळ आपल्या यंत्रावर उतरवून घ्यावयाच्या. उतरविताना एखादे चिन्ह चुकले की खेळ चालत नसे. मग चूक शोधण्यातच माणूस आज्ञावली शिकून जाई. १९७८ च्या सुधारित आवृत्तीसह या पुस्तकाच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या.

पुढे धंदा वाढला तशी कुलपेही आली. ती मोडणाऱ्यांत ‘डूम’ या गाजलेल्या खेळाचे नाव घ्यावे लागेल. १९९३ मध्ये विक्रीस आलेल्या या खेळाची आज्ञावली इड सॉफ्टवेअर या कंपनीने १९९७ च्या डिसेंबरात प्रसिद्ध केली. प्रथम व्यापारी उपयोगास मनाई होती; १९९९ मध्ये ती अधिक मोकळ्या अटींवर देण्यात आली. दहाव्या वर्षी वही उघडणारे कॅव्हाना याच वाटेवरून गेले आहेत.

दुरुस्तीचा फेरफार

वही उघडली म्हणजे जो येईल त्याने तीत वाटेल ते लिहावे, असा समज पुष्कळांचा असतो. तसे असते तर आठवड्यात तिचा चुराडा झाला असता. व्यवहार कसा चालतो हे ग्रामपंचायतीच्या सदस्यांस एका परिचित उदाहरणावरून सांगता येईल. जमिनीच्या सात-बारा उताऱ्यावर कोणी परस्पर नाव चढवू शकत नाही. आधी अर्ज येतो, फेरफार नोंदवहीत नोंद होते, संबंधितांना नोटीस जाते, हरकती ऐकल्या जातात, अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि मगच उतारा बदलतो. जुनी नोंद खोडून नाहीशी केली जात नाही. कोणता हक्क कोणाकडून कोणाकडे आणि केव्हा गेला हे फेरफारांवरून मागे मागे जात पाहता येते.

आज्ञावलीच्या बाबतीत हे काम गिट नावाची प्रणाली करते. लिनस टोरवाल्ड्स यांनी ती २००५ मध्ये तयार केली. गिटहब हे या प्रणालीवर उभारलेले, अनेकांना एकत्र काम करता यावे असे ठिकाण २००८ पासून चालू आहे आणि ‘सहा व्ही’ ची आज्ञावली तेथेच ठेवलेली आहे. कोणालाही तिची संपूर्ण नक्कल घेता येते, तीत आपल्या घरी बदल करता येतो आणि ‘हा बदल मुळात घ्यावा’ असा अर्ज करता येतो. अर्जासोबत जुनी ओळ आणि नवी ओळ शेजारी शेजारी दिसतात. इतर लोक शंका विचारतात, दोष दाखवितात. अखेरीस ज्यांच्याकडे मूळ वहीची जबाबदारी आहे ते मान्यता देतात किंवा अर्ज परत करतात. अर्ज फेटाळला जाणे येथे नित्याचे आहे आणि त्यात मानापमान मानीत नाहीत. हे वळण मात्र शिकण्याजोगे आहे. आपल्या काही सभांचे इतिवृत्त वाचताना त्याची आठवण होते.

अशा फेरफारांतूनच या खेळाची सुधारित आवृत्ती २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. वर्षानुवर्षे राहिलेले दोष काढले गेले आणि सेकंदाला तीसपेक्षा अधिक वेळा चित्र बदलण्याची सोय आली. वर ज्या सामायिक पाटीचा उल्लेख केला, तशा अनेक गोष्टी स्वयंसेवकांनी एकेक करून नीट लावल्या. दरम्यान, ज्या फ्लॅश प्रणालीत खेळ जन्मला तिला अडोबी कंपनीने ३१ डिसेंबर २०२० रोजी निरोप दिला. फ्लॅशमध्ये लिहिलेले असंख्य छोटे खेळ त्या वेळी अडचणीत आले. ज्यांची मूळ आज्ञावली कोणाच्या तरी हाती होती त्यांना नव्या घरी हलविणे निदान शक्य होते.

कॅव्हाना यांच्या आणखी एका कामाचा येथे उल्लेख केला पाहिजे. ‘बोस्का क्योल’ हे सोपे संगीत रचण्याचे साधन त्यांनी २०१३ मध्ये तयार करून मोफत दिले. आयरिश भाषेत या नावाचा अर्थ संगीताची पेटी असा होतो. आज्ञावलीही मुक्त अटींवर खुली होती. तिचा आधार घेऊन पुढे दुसऱ्या रचनाकाराने हे साधन गोडो या प्रणालीत नव्याने बांधले. गोडो ही खेळ रचण्याची प्रणाली अर्जेंटिनातील हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मान्सूर यांची. त्यांनी ती २०१४ मध्ये सर्वांसाठी खुली केली. आयर्लंडच्या माणसाची पेटी अर्जेंटिनाच्या सुतारकामात बसली, आणि त्यासाठी कोणाला कोणाच्या दारी परवानगीसाठी खेटे घालावे लागले नाहीत.

परवान्याचा प्रश्न

येथे अधिकारी आणि शिक्षक यांनी विशेष लक्ष द्यावे असा मुद्दा येतो. आज्ञावली पाहावयास मिळाली म्हणजे ती आपली झाली असे नाही. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाची आज्ञावली साहित्यकृतीत गणलेली आहे. कला शाखेच्या पदवीधरास हे वाचून थोडे समाधान वाटते हे खरे. पण त्याचा अर्थ असा की कथा-कादंबरीप्रमाणेच तिलाही लेखकाचे हक्क लागू होतात. आज्ञावलीसोबत कोणताच परवाना जोडलेला नसेल, तर ती उघड्यावर असूनही वापरण्याची परवानगी मिळाली असे समजता येत नाही. अनेक महाविद्यालयीन प्रकल्पांत या गोष्टीकडे काणाडोळा केला जातो, तो योग्य नव्हे.

‘सहा व्ही’ साठी कॅव्हाना यांनी स्वतःच्या अटी लिहिल्या. आज्ञावली वाचावी, अभ्यासावी, बदलून पाहावी. मात्र व्यापारासाठी वापरू नये. शिवाय चित्रे आणि संगीत या देणगीत समाविष्ट नाहीत, त्यामुळे खेळ आजही विकला जातो. कृती खुली केली, पेढ्याचे दुकान चालू ठेवले. काही कट्टर मंडळी अशा आज्ञावलीला खऱ्या अर्थाने मुक्त मानावयास तयार होत नाहीत, आणि व्याख्येपुरते त्यांचे म्हणणे बरोबरही आहे. परंतु ज्याचे पोट त्या एका खेळावर आहे त्याने किती द्यावे हे ठरविण्याचा अधिकार त्याच्याकडेच राहिला पाहिजे. गोडो आणि बोस्का क्योल यांच्या अटी याहून सैल आहेत. मूळ लेखकाचे नाव आणि परवान्याचा मजकूर कायम ठेवला की व्यापारासही मोकळीक आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९ मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेल्या जीपीएल परवान्याची अट आणखी निराळी. आमचे घेऊन वाटा, पण तुम्ही केलेली भरही त्याच अटींवर इतरांना द्या.

सर्वस्व देऊन टाकणाऱ्यांचे काय होते, याचे उदाहरण अमेरिकेतील जेसन रोहरर यांचे आहे. त्यांचा २००७ मधील ‘पॅसेज’ हा पाच मिनिटांचा खेळ न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०१२ मध्ये आपल्या संग्रहात घेतला. २०१८ मध्ये त्यांनी ‘वन अवर वन लाइफ’ हा खेळ आणला. यात खेळणारा दुसऱ्या खेळणाऱ्याच्या पोटी जन्म घेतो आणि एका तासात त्याचे आयुष्य संपते. या खेळावरील सर्व हक्क रोहरर यांनी सोडून दिले. मग दुसऱ्या एका गटाने तो भ्रमणध्वनीसाठी तयार केला आणि तो आशियाई देशांत लोकप्रिय झाला. कायद्याने यात काहीच गैर नव्हते. मात्र ही आवृत्ती रोहरर यांचीच आहे असे पुष्कळ लोक समजू लागले, आणि ‘हे माझे काम नाही’ असे सांगण्याची वेळ मूळ लेखकावर आली. दान दिलेल्या वस्तूवर हक्क उरत नाही, पण नावाबद्दलची आस्था उरते. परवाना निवडताना हा भेद ध्यानात ठेवावा.

शासनालाही हा विषय परका नाही. मुक्त आज्ञावलीच्या वापराबाबतचे धोरण केंद्र शासनाने २०१५ मध्ये जाहीर केले आणि शासकीय कामासाठी तयार झालेल्या आज्ञावल्या खुल्या करण्याविषयीचे धोरणही त्याच वर्षी आले. करोनाच्या काळातील ‘आरोग्य सेतू’ ची अँड्रॉइडवरील आज्ञावली २६ मे २०२० रोजी प्रसिद्ध करण्यात आली, त्यामागे तिच्याविषयी उपस्थित झालेल्या शंकांचा दबावही होता. नागरिकाची माहिती कोठे जाते हे तपासण्याचा मार्ग आज्ञावलीतूनच जातो. खेळाच्या बाबतीत लावलेली वाचनाची सवय पुढे या कामी येऊ शकते.

शाळेत काय करता येईल

ज्या शाळेत निदान एक चालू संगणक आहे तेथे आरंभ करता येईल. लहान मुलांसाठी एमआयटीने २००७ मध्ये खुली केलेली स्क्रॅच ही प्रणाली उत्तम. तीत ठोकळे जोडून आज्ञावली तयार होते, दुसऱ्याच्या खेळाच्या आत डोकावता येते आणि त्यात बदल करून नवा खेळ केला तर मूळ रचनाकाराचे नाव आपोआप दाखविले जाते. श्रेय देण्याची सवय यातून उपदेशाशिवाय लागते. थोड्या मोठ्या मुलांना ‘सहा व्ही’ ची आज्ञावली एकदा उतरवून द्यावी. नंतर इंटरनेट नसले तरी ती वाचता येते. सर्व समजण्याची अपेक्षा धरू नये. गुरुत्वाकर्षणाचे चिन्ह जेथे बदलते ती ओळ शोधून काढा, एवढे काम दिले तरी दोन तास वर्ग शांत बसेल. मुंबईच्या आयआयटीमधील स्पोकन ट्यूटोरियल या उपक्रमाने मुक्त आज्ञावल्यांचे अनेक पाठ मराठीतही उपलब्ध करून दिले आहेत. शिक्षकांनी आधी स्वतः ते पाहावेत.

या खेळाची जानेवारी २०२४ मध्ये आलेली आवृत्ती मराठी वाचकांच्या दृष्टीने सर्वांत लक्षणीय आहे. स्वयंसेवकांच्या मदतीने तिच्यात इंग्रजीव्यतिरिक्त अनेक भाषा आल्या. स्पॅनिश, जपानी, चिनी, अरबी अशा मोठ्या भाषा त्यात आहेतच. पण वेल्श, कॅटलान, पोलंडमधील सायलेशियन आणि कॅव्हाना यांच्या मायदेशाची आयरिश या तुलनेने थोड्या लोकांच्या भाषाही आहेत. कोट्यवधी लोकांची मराठी त्या यादीत नव्हती.

हे काम कशाचे असते तेही पाहू. भाषांतराच्या फायली साध्या मजकुराच्या आहेत. इंग्रजी वाक्य आणि त्यासमोर भाषांतर. अनेक वाक्यांसोबत जागेची मर्यादा दिलेली असते, कारण पडद्यावरील चौकट लहान असते. खरी अडचण अक्षरांची. खेळातील इंग्रजी अक्षर आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकोनात बसते. चिनीसाठी त्याहून मोठा चौकोन करावा लागला. देवनागरीची शिरोरेषा, तिच्यावरचे रफार आणि अनुस्वार, खालचे उकार आणि मधली जोडाक्षरे या सर्वांना ठिपक्यांत बसवावयाचे तर चौकोन बराच उंच लागेल, आणि ‘क्ष’ हे दोन अक्षरांचे एक चित्र आहे हे आज्ञावलीला शिकवावे लागेल. आलेखाच्या कागदावर ठिपके भरून अक्षरे आखणारा एक चित्रकलेचा शिक्षक, नेमके शब्द सुचणारा एक भाषेचा शिक्षक आणि जोडाक्षरांचा नियम आज्ञावलीत मांडू शकणारा अभियांत्रिकीचा एखादा विद्यार्थी, एवढी माणसे त्यासाठी लागतील. अर्ज इंग्रजीत करावा लागतो आणि तो फेटाळला गेल्यास दुरुस्त करून पुन्हा पाठविता येतो.